परक्यांची लक्षणे सांगणाऱ्यांस

तळहातावरील रेषा पाहून भविष्य सांगण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे त्याहून सोपी एक विद्या रूढ झाली आहे. तिच्यात हात पाहावा लागत नाही. कातडीचा रंग पुरतो. रंग दिसला की देश कळतो, देश कळला की स्वभाव कळतो, स्वभाव कळला की धंदा कळतो, आणि धंदा कळल्यावर त्या माणसाशी दोन शब्द बोलण्याची गरजच उरत नाही. या विद्येचे पंडित केवळ म्हापसे-कळंगुटकडेच आहेत असे कोणी समजू नये. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वाळपईच्या बाजारात ते भेटतात. आरती आटोपल्यावर देवळाच्या मंडपातही भेटतात. जन्मात एकाही नायजेरियन माणसाच्या शेजारी बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला नाही, असे गृहस्थ नायजेरियनांची लक्षणे घडाघडा सांगू लागतात.

ही लक्षणे वाचकांच्या परिचयाची आहेत. नायजेरियन मोठ्याने बोलतात. झुंडीने राहतात. एकाला हात लावला की दहा धावून येतात. भडक कपडे घालतात आणि पैसा उधळतात. बाहेरच्यात मिसळत नाहीत. शिकायला म्हणून येतात आणि भलताच व्यापार करतात. यादी अशी वाढत जाते, ऐकणारे माना डोलवतात, आणि शेवटी एक वाक्य ठरलेले असते: “असले लोक आपल्या गोव्यात नकोत.”

यादीतील प्रत्येक गोष्ट खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. यातील पुष्कळसा भाग खराही असेल. आमचे म्हणणे इतकेच की, ही लक्षणे कोण्या एका देशाची नसून घर सोडून परमुलखात पोट भरणाऱ्या माणसाची आहेत. ती प्रथम आपल्यात होती, आजही आहेत, आणि आपल्यावरही अशा याद्या वाचल्या गेल्या आहेत. ज्या समाजाचे देवसुद्धा एकदा परागंदा झाले होते, त्या समाजाने तरी ही यादी तोंडात धरू नये.

प्रथम या यादीची फळे पाहू. २०१३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस पर्रा गावी एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी शववाहिकेतून त्याचे प्रेत काढून घेतले आणि पर्वरी येथे महामार्गावर ठेवून कित्येक तास वाहतूक अडवली. स्थानिक जमाव आणि ते यांच्यात मारामारीही झाली. त्यानंतर जे घडले ते गोमंतकाच्या लौकिकास शोभणारे नव्हते. त्यांना खोल्या देऊ नयेत अशी भाषा सुरू झाली. राज्याच्या एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली आणि मागाहून दिलगिरी व्यक्त केली. ‘नायजेरियनांना नकार द्या, अमली पदार्थांना नकार द्या’ अशा अर्थाचे फलक लागले. म्हणजे एक देश आणि एक विष यांना एकाच तागडीत घालण्यात आले. या सर्व कोलाहलात मेलेला माणूस कोणाचा तरी मुलगा होता, आणि त्याला मारणारा कोणीतरी मोकळा हिंडत होता, ही गोष्ट मागे पडली.

महामार्ग अडवणे हे कृत्य समर्थनीय नाही. परंतु त्याचा अर्थ समजून घेण्यास काय हरकत होती? इग्बो समाजात माणूस जगाच्या पाठीवर कोठेही मरो, त्याचे प्रेत त्याच्या पूर्वजांच्या अंगणात पुरले जावे असा दंडक आहे. परदेशातील त्यांची मंडळे वर्गणी काढून हजारो मैलांवरून प्रेते गावी पोहोचवतात. आपल्या माणसाचे प्रेत बेवारशी पडू देणे ही त्यांच्या लेखी सर्वांत मोठी नामुष्की होय. अस्थी नाशिकला किंवा गोकर्णाला नेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागू नये. आणि वाट अडवण्याचे म्हणाल, तर २०२१ च्या जानेवारीत आमच्याच सत्तरीतील शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी जमिनीसाठी वाटा अडवल्या, पोलिसांशी त्यांची झटापट झाली, आणि अखेर सरकारला आयआयटीचा प्रकल्प तेथून मागे घ्यावा लागला. त्याला आपण आंदोलन म्हटले, आणि योग्यच म्हटले. मग तेच दुसऱ्याने केले की त्याचे नाव एकदम गुंडगिरी का होते, याचे उत्तर आपण स्वतःशी तरी द्यावे.

आता एकेक लक्षण घेऊ.

‘नायजेरियन झुंडीने राहतात.’ मुळात ‘नायजेरियन’ हा शब्द पारपत्रावरचा आहे. १९६० साली स्वतंत्र झालेल्या त्या देशात पाचशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. उत्तरेचा मुसलमान हौसा, नैर्ऋत्येचा योरुबा आणि आग्नेयेचा इग्बो यांच्यात सावंतवाडीकर आणि तंजावरकर यांच्याइतके अंतर आहे. परमुलखात गेल्यावर ते आपापल्या गावाची मंडळे काढतात. त्या मंडळाकडे नवीन आलेला तरुण जातो; ते त्याला खोली पाहून देते, आजारपणात पैसे देते, भांडण मिटवते, आणि गावच्या शाळेसाठी वा दवाखान्यासाठी वर्गणी पाठवते. हे वाचून कोणाला मुंबईची आठवण होणार नाही? धोबीतलावच्या ख्रिस्ती गोमंतकीयांचे कूड गावागावांच्या नावाने चालत होते. एक पेटी, एक चटई आणि संध्याकाळची प्रार्थना एवढ्यावर तारवटी तेथे दिवस काढी. हिंदू गोमंतकीयांनी १९१९ मध्ये मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन स्थापन केली ती तरी दुसऱ्या कशासाठी? त्या संस्थेने पुढे मराठी रंगभूमीची केवढी सेवा केली हे सर्वश्रुत आहे. आपण एकत्र राहिलो तेव्हा ती संस्था झाली. ते एकत्र राहिले की ती झुंड होते!

‘पैशाचे त्यांचे व्यवहार गुप्त असतात.’ योरुबा लोकांत ‘एसुसू’ नावाची पद्धत आहे. दहाबारा माणसे दर महिन्याला ठराविक रक्कम जमा करतात आणि दरवेळी एकाला सगळी रक्कम मिळते. कागद नाही, सही नाही. शब्द हाच दस्तऐवज. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या त्यांच्या पूर्वजांनी ही पद्धत वेस्ट इंडीज बेटांपर्यंत नेली, आणि तेथे ती ‘सूसू’ या नावाने आजही चालते. वाळपईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला हे सांगून पाहा. ती हसेल आणि म्हणेल, ही तर आमची भिशी!

इग्बो व्यापाऱ्यांत आणखी एक रीत आहे आणि ती लक्षात घेण्याजोगी आहे. गावचा पोरगा दुकानदाराकडे काही वर्षे बिनपगारी उमेदवारी करतो. मुदत संपली की मालक त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान थाटून देतो. बियाफ्राचे युद्ध १९७० मध्ये संपले तेव्हा इग्बो माणसाच्या बँकखात्यात युद्धापूर्वी कितीही रक्कम असो, त्याच्या हाती अवघे २० पौंड ठेवण्यात आले होते. त्या राखेतून हा समाज पुन्हा उभा राहिला तो या उमेदवारीच्या बळावर. गावचा पोरगा आणून दुकानात किंवा खाणावळीत ठेवण्याची चाल आपल्यातही होती. परंतु मुदतीअंती त्याला भांडवल देऊन मोकळे करण्याचा धर्म आपल्यापैकी किती शेठजींनी पाळला?

‘ते पैसा उधळतात.’ होय, समारंभात नाचणाऱ्याच्या कपाळावर नोटा चिकटवण्याची त्यांची हौस दांडगी आहे. इतकी की त्यांच्याच सरकारने २००७ च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात ती गुन्हा ठरवली. आपल्या वरातीत वाजंत्र्यांवरून नोटा ओवाळल्या जात नाहीत काय? गळ्यात नोटांचे हार पडत नाहीत काय? ‘ते भडक कपडे घालतात.’ लग्नाकार्यात सर्व आप्तांनी एकाच ठाणातील कापड शिवून घ्यावे अशी योरुबांची प्रथा आहे. त्यावरून कोण कोणाच्या घरचा ते दुरून कळते. शिगम्याच्या मेळातील सर्वांच्या डोक्याला एकाच रंगाचे फेटे आपण कौतुकाने पाहतो. डोळे तेच; कौतुक मात्र आपल्यापुरते.

‘ते मोठ्याने बोलतात.’ दुबईस असलेल्या मुलाचा फोन आला की वाड्यावरची सात घरे त्याची खुशाली ऐकतात. यावर अधिक लिहिणे नको.

उलट जी लक्षणे आपल्या यादीत कधीच येत नाहीत, तीही पाहावी. योरुबा तरुण वडीलधाऱ्यासमोर जमिनीवर पालथा पडून नमस्कार करतो. परदेशी विद्यापीठातून पदवी घेऊन आलेला मुलगाही त्यातून सुटत नाही. आपल्याकडे साष्टांग नमस्कार आता देवापुरता उरला आहे. घरी पाहुणा आला की इग्बो यजमान प्रथम कोला नावाचे तुरट-कडू फळ आणतो, पूर्वजांना स्मरतो, आशीर्वाद मागतो आणि मग ते फोडून वाटतो. आपली पानसुपारी याहून वेगळी ती काय? योरुबा बालकाचे नाव आठव्या दिवशी ठेवतात, आपण बाराव्या दिवशी. नाताळात इग्बो माणूस जेथे असेल तेथून गावाची वाट धरतो, आणि ऑगस्टमध्ये शहरोशहरीच्या इग्बो बायका माहेरच्या नव्हे, सासरच्या गावी जमून गावच्या कामांचा विचार करतात. चवथीला मुंबई-पुण्याहून येणाऱ्या आणि माटोळी बांधल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या सत्तरीकराला यात परके वाटण्यासारखे काय आहे?

“हे सर्व ठीक, पण गांजा-चरसाचे काय?” हा प्रश्न येणार हे आम्ही जाणतो. तो टाळण्याचा आमचा हेतू नाही. अमली पदार्थ विकताना नायजेरियन पकडले गेले आहेत, त्यांना शिक्षा व्हावी, आणि ज्याचा व्हिसा संपला त्याने परत जावे. परंतु किनाऱ्यावर हा धंदा नायजेरियनांनी आणला नाही. त्यांच्या कितीतरी आधी गोऱ्या कातडीचे प्रवासी हणजुण्याच्या वाळूवर हेच सेवन करीत होते आणि आपण त्यांस ‘टुरिस्ट’ म्हणून खोल्या देत होतो. २०१० मध्ये अमली पदार्थविरोधी पथकातील पोलीस अधिकाऱ्यांनाच या धंद्याशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक झाली. ते अधिकारी काही लागोसहून आले नव्हते. विकणाऱ्याचा रंग तेवढा आपल्या ध्यानात राहतो. घेणारा, जागा देणारा आणि डोळे मिटणारा यांना मात्र रंग नसतो. गुन्हा माणूस करतो, देश करीत नाही, हे तत्त्व एकदा सोडले की पुढे कोठे जाऊन थांबावे लागेल याचा नेम नाही. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडा येथे एक मुलगा मरण पावला. नायजेरियनांनी त्याला खाल्ले अशी अफवा उठली आणि जमावाने आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना बाजारात गाठून बडवले. लक्षणांची यादी अखेर येथवर येऊन पोहोचते.

आणि रंगाचाच मुद्दा असेल, तर फातोर्ड्याच्या मैदानाने त्याचे उत्तर दिलेले आहे. डेम्पो क्लबकडून रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सकडून ओडाफा ओकोली खेळत असताना हेच गोमंतकीय प्रेक्षक त्यांच्या नावाचा घोष करीत. दोघेही नायजेरियन. गोल मारणारा नायजेरियन आमचा; खोली शोधणारा परका! कोंकणीत सांगायचे तर, पाय चलता मेरेन तो आमचो, मागीर तो भायलो.

आता आपल्यावर वाचल्या गेलेल्या याद्यांकडे वळू. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्याचा सूड पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांवर उगवला. दुकाने चालवणाऱ्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या कुटुंबांना छावण्यांत कोंडण्यात आले आणि पुढे देशाबाहेर काढण्यात आले. त्यांचा अपराध काय? ते भारतीय होते, इतकाच. दहा वर्षांनी, १९७२ च्या ऑगस्टमध्ये, इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते होण्याचा हुकूम दिला. त्यांत गुजराती होते, पंजाबी होते आणि गोमंतकीयही होते. त्यांच्यावरचा आरोप वाचून पाहावा: हे लोक आपसातच राहतात, आमच्यात मिसळत नाहीत, पैसा बाहेर पाठवतात, व्यापारात फसवतात. आपल्या यादीशी शब्दाला शब्द जुळतो. त्यांतील हजारो कुटुंबे इंग्लंडला निघाली तेव्हा लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या शहरात येऊ नका’ असे त्यांना कळवले. आज त्याच लेस्टरमधील दिवाळीचा उत्सव पाहायला दूरदूरचे लोक जातात. जाहिरात देणाऱ्यांचे भाकीत चुकले; कारण त्यांनी माणसे न पाहता यादी पाहिली होती.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. पोर्तुगीज पारपत्र काढून आज गोव्यातील तरुण इंग्लंडच्या स्विंडनसारख्या गावात राहतात. आखातात, बोटींवर, कारखान्यांत आपली मुले आहेत. एका खोलीत चौघेपाचजण राहणारी, रात्री उशिरा स्वयंपाक करणारी, आपल्याच भाषेत मोठ्याने बोलणारी ही मुले तेथल्या शेजाऱ्यांना कशी दिसत असतील? आपण येथे जो शब्द पेरतो तो तेथे आपल्या मुलांच्या वाट्यास येतो. खुद्द नायजेरियातही भारतीय आहेत. व्यापार करतात, कारखाने चालवतात, लागोस शहरात त्यांनी मंदिरे बांधली आहेत. कानोच्या चित्रपटगृहांत पिढ्यान् पिढ्या हिंदी चित्रपट पाहिले गेले आणि त्यांच्या चालींवर हौसा भाषेत गाणी रचली गेली. २०१३ मध्ये गोव्यात हा वणवा पेटला तेव्हा एका नायजेरियन राजनैतिक अधिकाऱ्याने, असेच चालले तर तेथील भारतीयांनाही रस्त्यावर यावे लागेल, असा इशारा दिला होता. इशारा अनुचित होता. पण तो आपल्याच तर्काचा दुसरा अर्धा भाग होता.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? पणजी-मडगावच्या बाजूस घाटाकडून आलेल्या, किंवा नुसते मराठी बोलणाऱ्या माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवणारे लोक आहेत. सत्तरीच्या माणसाने हा शब्द ऐकला नाही असे होणार नाही. तो शब्द कोठे झोंबतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तोच शब्द दुसऱ्यासाठी धार लावून ठेवावा?

देवळाच्या मंडपात बसून यादी वाचणाऱ्यांना शेवटी देवाबद्दलच दोन शब्द सांगितले पाहिजेत. वाळपईपासून काही मैलांवर, नगरगावजवळच्या करमळीला ब्रह्मदेवाचे स्थान आहे. ती मूर्ती मूळची तिसवाडीतील करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी देव उचलला आणि या रानात आणला. गावाचे नावही बरोबर आणले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधवले. रात्रीच्या अंधारात खाडी ओलांडून आलेल्या त्या माणसांना अलीकडच्या काठावरील गावकऱ्यांनी विचारले असते की तुमची लक्षणे काय, तुम्ही झुंडीने का आलात, तुमच्यात चोर किती, तर आज आपण कोठल्या देवाला गाऱ्हाणे घातले असते? त्यांनी जागा दिली. आपला सारा देवस्थानांचा वैभवशाली इतिहास त्या दिलेल्या जागेवर उभा आहे.

आफ्रिकेचा माणूस तरी गोव्याला नवा आहे काय? पोर्तुगीजांनी त्याला शतकानुशतके मोझांबिकहून गुलाम म्हणून येथे आणले. त्यांतील अनेक पळून सह्याद्रीच्या रानात शिरले. त्यांचे वंशज सिद्दी आज हल्याळ, यल्लापूर आणि आपल्या शेजारच्या खानापूर तालुक्यांत आहेत, आणि त्यांची घरची बोली आपल्या कोंकणी-मराठीची सख्खी बहीण आहे. आपले पूर्वज देव घेऊन ज्या फिरंग्यापासून पळाले, त्याच फिरंग्यापासून तेही पळाले होते. आपल्याकडे आफ्रिकेच्या माणसाला ‘खाप्री’ म्हणतात. पर्वरीला मोठ्या वडाखाली खाप्रेश्वर या नावाचा देव होता. महामार्गावरील उड्डाणपुलासाठी २०२५ च्या मार्चमध्ये ते स्थान हलवण्यात आले, तेव्हा भाविक किती कळवळले ते सर्वांनी पाहिले. नाव उच्चारताच कोणालाही तो जुना शब्द आठवावा. ज्या पर्वरीत खाप्रेश्वराला आपण हात जोडले, त्याच पर्वरीत २०१३ मध्ये हाडामांसाच्या खाप्र्यावर आपण काठी उगारली. देव म्हणून चालतो, भाडेकरू म्हणून चालत नाही, हा कोठला धर्म?

म्हणून आमची मागणी थोडी आणि स्पष्ट आहे. खोली देताना कागद पाहावेत. विदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवणे हे कायद्याने घरमालकाचे कर्तव्यच आहे. पण ते रशियन, इंग्रज आणि नायजेरियन या सर्वांसाठी सारखे असावे. गुन्हा दिसला तर गुन्हेगाराच्या नावाने तक्रार करावी, देशाच्या नावाने नव्हे. आणि देवस्थान समित्यांनी एवढे तरी पाहावे की, ज्या मंडपात परागंदा होऊन आलेल्या देवाची पालखी उतरते, तेथे परागंदा माणसाची निंदा होणार नाही. ज्यांना एवढेही जड वाटते, त्यांनी परदेशातील आपल्या मुलाला एक पत्र लिहून विचारावे: बाबा, तुझ्या शेजारी आमच्याबद्दल काय बोलतात? उत्तर येईल ते मंडपात मोठ्याने वाचावे.